नंबर छोटा म्हणजे प्रिंट भारी असं नाही

कोणीतरी विचारलंय की खेळाडूंच्या चित्रांच्या लिमिटेड एडिशन प्रिंटवर ५/३०० (म्हणजे ३०० पैकी पाचवा प्रिंट) आणि २८०/३०० असे नंबर असतात, त्यात ५ वाला जास्त दमदार का, तर खरं सांगायचं तर तसं काही नसतं. जुन्या काळी तांब्याच्या प्लेटवर छापायचे तेव्हा प्लेट झिजायची म्हणून आधीचे प्रिंट जास्त स्वच्छ यायचे, तिथून हे खूळ आलंय. आता ज्याला जिक्ले प्रिंट म्हणतात ते म्हणजे शेवटी इंकजेटच, त्यात पहिला काय नि तीनशेवा काय, सगळे सारखेच. हां, चित्रातल्या खेळाडूच्या जर्सीचा नंबर आणि प्रिंटचा नंबर जुळला तर लोक वेडे होतात ते वेगळं.

मी आधी एकूण एडिशन किती, म्हणजे नंबर घातलेले प्रिंट किती ते बघतो, आणि त्यावर एपी म्हणजे आर्टिस्ट प्रूफ (चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती) किती काढलेत तेही, कारण ते ३०० मध्ये धरलेले नसतात. मग सही. पेन्सिलने हाताने केलेली असेल तर तिरक्या उजेडात कागदावर हलकी चमक दिसते, भिंगातून बघितलं की छापलेली सही लगेच कळते, ठिपके दिसतात. खेळांची चित्रं काढणारा अमेरिकन चित्रकार लिरॉय नीमन, त्याची सेरिग्राफ म्हणजे स्क्रीन प्रिंट घेणाऱ्यांनी तर हे बघाच, त्याची साधी पोस्टरं पण खूप फिरतात आणि त्यावर छापील सही असते.

आणि प्लीज कडा कापून फ्रेममध्ये बसवू नका रे! मी एकदा फ्रेमवाल्यावर सोडलं, त्याने मागून सरळ गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवून दिलं, प्रिंटची वाट लागली. ॲसिड फ्री माउंट (आम्ल नसलेला पुठ्ठा) आणि यूव्ही काच (अतिनील किरणं अडवणारी), एवढं सांगूनच द्या.