स्क्रीनशॉटचे किस्से, तुमचेही येऊ द्या

काल लेकीला प्रोजेक्टसाठी कॉम्प्युटरवरचा नकाशा हवा होता. मी सवयीने प्रिंट स्क्रीन दाबलं, पेंट उघडलं, पेस्ट केलं, कडेचं कापायला घेतलं तर म्हणे "बाबा, हे काय चाललंय?" आणि विंडोज-शिफ्ट-एस दाबून हवा तेवढाच तुकडा उचलला तिने, विषय संपला. मला एकदम २००२ आठवलं. एमएससीआयटीच्या क्लासला जायच्या आधी मी ते बटण दाबून खरंच प्रिंटरकडे बघत बसायचो. आणि पेंटची ती बीएमपी फाइल! १०२४ बाय ७६८ चा एक स्क्रीनशॉट सव्वादोन एमबी, फ्लॉपी १.४४ ची. शेवटी रेझोल्यूशन ८०० बाय ६०० करून परत काढला तेव्हा कसाबसा मावला.
तुमचे किस्से लिहा.

खटपट्या
पेंट परवडलं हो. आमच्याकडे अजून वर्डमध्ये चिकटवून ती फाइल मेलला जोडतात. सपोर्टमध्ये ११ वर्षं काढलीत. परवा एकाने दोन मॉनिटरचा अख्खा स्क्रीनशॉट पाठवला, एरर नखाएवढा आणि बाजूला पगाराचा एक्सेल उघडा. ऑल्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबलं की फक्त समोरची विंडो येते, किती वेळा सांगायचं.

चिंगी
आमचे अप्पा (सासरे) स्क्रीनशॉट म्हणजे मोबाइलने मॉनिटरचा फोटो. सगळ्या रंगीत रेघा रेघा, आणि काचेत बनियनवर अप्पा. लाइट बिलाचा फोटो होता, फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली सासूबाईंचा मेसेज, "आधी शर्ट घाला."

रात्रपाळी
😂😂 अप्पा रॉक्स

टर्बोसी
इंजिनिअरिंगच्या जर्नलला आउटपुट लागायचं. टर्बो सी ची (सी प्रोग्रॅम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर) निळी स्क्रीन फुल असायची, ऑल्ट-एंटर मारून छोटी करायची मग प्रिंट स्क्रीन. एकाने काढायचा आणि सगळ्या बॅचने छापायचा. आमच्या २० जणांच्या आउटपुटमध्ये एकाच मुलाचं नाव होतं, सरांनी सगळ्यांना त्याच नावाने हाक मारली.

रात्रपाळी
हॉस्टेलवर रूममेटच्या डेस्कटॉपचा स्क्रीनशॉट काढून तोच वॉलपेपर लावला आणि खरे आयकॉन लपवले. बिचारा तासभर क्लिक करत होता, मग माउस बदलला, मग फॉरमॅट मारायला निघाला तेव्हा सांगितलं. दोन दिवस बोलला नाही

नुसतीच वाचते
जरा वेगळं लिहिते. मी पासबुकचा स्क्रीनशॉट काढून वरचा नंबर कापून पाठवायचे, बिनधास्त. २०२३ मध्ये कळलं की विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये कापून त्याच फाइलवर सेव्ह केलं तर कापलेल्यातलं बरंचसं फाइलमध्येच उरायचं आणि परत काढता यायचं. नंतर अपडेट आलं पण आधी पाठवलेल्या फाइली गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून नंबर दिसतच नाही असं स्क्रोल करते आणि मगच काढते.

टर्बोसी
बाप रे. मी कुठे कुठे काय काय पाठवलंय देव जाणे

चिंगी
ऑफिसने मॅक दिलाय, त्यावर प्रिंट स्क्रीनचं बटणच नाही. कमांड-शिफ्ट-४ शिकले तर डेस्कटॉपवर स्क्रीनशॉटचा उकिरडा झालाय. थांबा कुकर झाला, येते

रात्रपाळी
@खटपट्या ते सोडा, त्या एक्सेलमध्ये काय होतं?

खटपट्या
बघितलं नाही हो.

खटपट्या
बरं, बघितलं. माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेला माझ्यापेक्षा जास्त घेतो.

चिंगी
आले. काय झालं, एवढे शांत का सगळे?