खानापूरच्या घरी लॅपटॉप भिजला: चार्जरचा दिवा लागून विझतो

मस्कतहून:

नमस्कार मंडळी. खानापूरच्या घरी कौलातून गळती लागली आणि भावाच्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर रात्रभर पाणी ठिबकलं. पुसून दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलाय. आता चार्जर लावला की दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. बॅटरी आतच आहे. पुढं काय करावं?

लंडनहून:

दादा, आधी भावाला फोन करा: चार्जर परत लावू नको आणि चालू होतोय का बघायला बटणही दाबू नको. तांदळाचा काही उपयोग नाही. ओल आणि वीज एकत्र असली की खरं नुकसान होतं. बॅटरी जोडलेली असेल तर बंद लॅपटॉपमध्येही काही लाइन जिवंत असतात. ओलीतून प्रवाह जातो आणि आतल्या मदरबोर्डावरचं तांबं खाल्लं जातं. म्हणून बॅटरी आजच सोडवा.

मागचं झाकण काढताना पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा. त्यांची लांबी सारखी नसते, लांब स्क्रू भलत्या भोकात गेला तर बोर्डाला लागतो. बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीनं सोडवा, स्क्रूड्रायव्हरनं नको. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथंच थांबा, ती दुकानातच काढून घ्या. सुटल्यावर पॉवर बटण २० सेकंद दाबून धरा, उरलेला चार्ज निघून जातो.

आता बोर्ड उजेडात तिरका धरून बघा, विशेषतः कीबोर्डखालचा भाग आणि चार्जिंग जॅकच्या आसपास. आठ पायांच्या छोट्या काळ्या मॉस्फेटच्या (विजेचा स्विच म्हणून काम करणाऱ्या भागाच्या) पायांमध्ये हिरवट किंवा चुन्यासारखा पांढरा थर धरलेला असतो. तो ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ टूथब्रशनं काढायचा; मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडं आयपीए मिळतं. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. चहा सांडला असता तर आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर लागलं असतं, कारण साखर आयपीएत नीट विरघळत नाही. हेअर ड्रायर नको. पंख्याखाली एक दिवस, खानापूरच्या आषाढातल्या हवेत दोन दिवस.

बेळगावहून:

ताईंनी सांगितलेल्या क्रमात बदल नको, पुढचं सांगतो. दिवा लागून विझतो म्हणजे बहुतेक बोर्डावर शॉर्ट आहे, म्हणजे वीज भलत्या वाटेनं सरळ निघून जातेय, आणि अडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद पडतोय. अडॅप्टर भिंतीतून काढा, दोन मिनिटांनी परत भिंतीत लावा आणि लॅपटॉपला न जोडता एकटाच मल्टिमीटरनं मोजा. लेबलवर १९.५ व्होल्ट असेल तर तेवढेच, स्थिर दिसायला हवेत. यूएसबी-सी अडॅप्टर मात्र असा मोजता येत नाही, तो लॅपटॉपशी बोलल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही.

मग बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही काढलेले असताना मीटर ओहमवर ठेवा. काळी वायर स्क्रूच्या भोकाभोवतीच्या धातूला, लाल वायर जॅकनंतरच्या मॉस्फेटवर, आधी जॅकच्या बाजूला मग पलीकडं. मुख्य लाइनवर (जॅकमधून बोर्डाला वीज नेणाऱ्या) हजारो ओहम यायला हवेत. शून्य ते पाच आले तर शॉर्ट. प्रोसेसरजवळच्या कॉइलवर मुळातच फार कमी ओहम येतात, त्याला शॉर्ट समजून चांगला बोर्ड फेकू नका.

बहुतेक वेळा एखादा सिरॅमिक कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. बेंच सप्लायनं (व्होल्ट आणि प्रवाह ठरवून देता येणाऱ्या यंत्रानं) त्या लाइनवर १ व्होल्ट द्यायचा, प्रवाहाला २ अँपियरची मर्यादा ठेवायची आणि वर आयपीएचा थेंब पसरायचा. जिथलं आधी उडून जातं तिथं शॉर्ट. पण आधी मुख्य लाइन आणि प्रोसेसरची कॉइल यांच्यातले ओहम मोजा. तिथला मॉस्फेट फुटला असेल तर दिलेला व्होल्टेज थेट प्रोसेसरमध्ये जातो. हे काम घरी करू नका. चिप लेव्हल काम करणारा, म्हणजे बोर्डावरचा बिघडलेला भाग तेवढा बदलणारा शोधा, आणि कुणी बोर्ड न मोजताच नवा टाका म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

दुकानात देण्यापूर्वी एसएसडी (फायली साठवणारी डिस्क) काढून घरी ठेवा. ती कोरडी असेल तर एनव्हीएमई की साटा, यातला कुठला प्रकार आहे हे बघून तसलाच यूएसबी डबा घ्या आणि फायली उतरवा. विंडोजनं बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) लावलेलं असेल तर ते उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. बहुधा भावाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आजच काढून लिहून ठेवा.

बोर्ड सुरू झाला तरी जुना कीबोर्ड लगेच जोडू नका. आत ओल राहिली असेल तर पॉवरची की सतत दाबल्यासारखी राहते आणि लॅपटॉप चालू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडतो. कीबोर्डची केबलची पट्टी काढून बघा. पॉवर बटण कीबोर्डातच असेल तर चालू करण्याचं काम दुरुस्तीवाल्याला पिन जोडून करू द्या.