शिदोरी की फलाट? गाडीत, विमानात तुम्ही काय खाता, लिहा

खिडकीपाशी, कोथरूड

पुढच्या महिन्यात आईला घेऊन झेलम एक्सप्रेसनं दिल्लीला जायचंय. पुण्यातून संध्याकाळी निघाली की दुसऱ्या दिवशी रात्री दिल्ली. म्हणजे रात्रीचं एक जेवण, न्याहारी, दुपारचं जेवण, मधले चहा, आणि गाडी रखडली तर आणखी एक जेवण. आई ७२ वर्षांची. मधुमेह आहे, कवळी आहे आणि 'बाहेरचं' म्हटलं की नाक मुरडायची सवय आहे.

मागच्या खेपेला मी शहाणपणा केला. म्हटलं, कशाला डबे वाहायचे, गाडीत सगळं मिळतं. दुपारी थाळी आली. पनीरवर बोटभर तेल, भात गार, पोळ्या एकमेकींना चिकटलेल्या. आईनं दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं. गोळी मात्र जेवण येतंय म्हणून आधीच घेतलेली. तासाभरात तिचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम. मी पिशव्या उपसतोय, तर हाताला लागली आवळा सुपारी! समोरच्या बर्थवरच्या बाईंनी डब्यातून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला म्हणून निभावलं. त्यांच्या डब्यात आणखी काय काय होतं ते तेव्हाच बघून घ्यायला हवं होतं.

तर या वेळी डबा न्यायचा हे नक्की. पण काय न्यायचं आणि आधी काय संपवायचं? विमानवाल्यांनीही लिहा, भावाकडे परदेशी जायचंही चाललंय.

कडक भाकरी, हडपसर

माहेर सोलापूर, नावावरून कळलंच असेल. हुतात्मा एक्सप्रेसनं इतक्या फेऱ्या झाल्यात की गाडीत डबा उघडला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे ज्वारी-बाजरीची पातळ थापलेली भाकरी, भाजून झाल्यावर मंद आचेवर पापडासारखी होईपर्यंत शेकलेली. ओल राहिली नसेल तर कितीतरी दिवस काही होत नाही. सोबत शेंगाचटणी. दाणे, लसूण, तिखट, मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरला लावली की चव जाते, यावर माझं आणि नवऱ्याचं भांडण आहे.

कवळीचं म्हणाल तर माझे सासरेही तसेच. वाटीत भाकरी चुरायची, वर ताक ओतायचं आणि पाच मिनिटं गप्पा मारायच्या. मऊ होते. ताक टेट्रापॅकमधलं न्या, घरचं बाटलीत फसफसतं आणि बुचासकट शेजाऱ्याच्या अंगावर जातं. (गेलंय. शर्ट पांढरा होता हे नशीब.)

अप्पर बर्थ, शिवाजीनगर

तुम्ही सगळे डबेवाले झालात तर फलाटावरच्यांनी काय करायचं? मुंबईहून येताना कर्जतला घाट चढण्यासाठी मागून बँकर इंजिनं जोडतात. तेवढ्या थांब्यात खिडकीतून दिवाडकरांचा वडापाव घ्यायचा, हा माझ्यासाठी प्रवासाचा भाग आहे, जेवणाचा नाही. आणि डेक्कन क्वीनला १९३० पासून डायनिंग कार आहे. टेबलाशी बसून चीज टोस्ट आणि ऑम्लेट खाता येत असताना त्या गाडीत पोळी-भाजी उघडणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पोट बिघडलंय का? एकदाच, आणि ते वड्यानं नाही, सोबतच्या ओल्या चटणीनं. तेव्हापासून नियम एकच. कढईतून डोळ्यांदेखत निघालेलं खायचं. आधी कापून ठेवलेली फळं, ओली चटणी, झाकलेला भात, नाही म्हणजे नाही.

जनरलचा प्रवासी

होस्टेलला राहतो, डबा करून देणारं कोणी नाही. २०२३ पासून काही स्टेशनांवर जनरल डब्यांच्या समोर स्टॉल लागतात, २० रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचं. पोट भरतं. फक्त गर्दीत डब्यातून उतरलात तर परत चढायची खात्री नाही, म्हणून खिडकीतूनच पैसे द्या.

पाय लांब, बाणेर

विमानाचं मी सांगतो, वर्षातून चार-पाच वेळा फ्रँकफर्ट होतं. आधी वाटायचं विमानातलं जेवण मुद्दाम बेचव करतात. तसं नाही. केबिनमधला दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो आणि हवा भयंकर कोरडी. नाक सुकतं, वास कमी येतो, गोड-खारट दोन्ही फिकं लागतं. टोमॅटोची चव मात्र टिकून राहते. जमिनीवर टोमॅटोच्या रसाला हात न लावणारा मी वर गेलो की तोच मागतो.

दुसरं म्हणजे वायू. वेफर्सचं पाकीट वर गेल्यावर टम्म फुगतं ना, तसंच पोटाचं होतं. निघायच्या आधी राजमा, छोले, कोबी, सोडा बंद. एकदा लग्नाच्या पंगतीतून मसालेभात आणि वालाची उसळ हाणून थेट लोहगावचा विमानतळ गाठला होता. मधल्या सीटवर. जास्त लिहीत नाही.

जेवण आधी नोंदवायची सोय असते, साधारण २४ तास आधी. हिंदू शाकाहारी, जैन, मधुमेहींसाठीचं असे वेगवेगळे प्रकार असतात. काकूंसाठी तिकीट काढतानाच नोंदवा. शिवाय ही ताटं इतरांच्या आधी येतात, तुम्ही हात धुवून बसलेले असता आणि बाकीचे ट्रॉलीकडे बघत.

हाताशी मी गुळपोळ्या, धपाटे आणि मेतकूट ठेवतो. लोणच्याची बरणी तपासणीत काढून ठेवावी लागली, आईच्या हातचं कैरीचं. त्या ट्रेमध्ये ती इतर लोकांच्या शाम्पूशेजारी बसलेली अजून आठवते. लोणचं चेक-इन बॅगेत, तेही तीन पिशव्यांत. आणि अमेरिकेला जात असाल तर विमानात मिळालेलं सफरचंदही पर्समध्ये टाकून उतरू नका.

वॉर्डातली, येरवडा

मी नर्स आहे, म्हणून खिडकीपाशी यांना थोडं रागावून सांगते. गोळी जेवण *येतंय* म्हणून घ्यायची नाही, ताट समोर उघडल्यावर घ्यायची. गाडीतलं जेवण कधी येईल याचा भरवसा नसतो. आईंच्या डॉक्टरांना प्रवासाच्या दिवसाच्या वेळा विचारून घ्या, कागदावर लिहून.

राजगिऱ्याच्या लाडवानं निभावलं हे चांगलंच, पण साखर घसरली असताना लाडू सावकाश काम करतो. पेशंट शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं, गरज पडली तर पुन्हा तेवढीच. साखरेची पुडी आणि ग्लुकोमीटर आईंच्या उशाशी, वरच्या बर्थवरच्या सुटकेसमध्ये नव्हे. त्यांना इन्सुलिन सुरू झालं आणि विमानानं गेलात, तर ते केबिनमध्ये सोबत. सामानाच्या कप्प्यात गोठण्याची भीती असते.

दशमी, सदाशिव पेठ

वयानं इथल्या बहुतेकांपेक्षा मोठी आहे, म्हणून राहवत नाही. पाण्यात भिजवलेलं ते खरकटं, दुधात भिजवलेलं चालतं, अशा हिशेबानं आमच्या सासूबाई काशीला दशम्या घेऊन गेल्या होत्या. सोवळं गेलं, दशमी राहिली, कारण ती दुसऱ्या दिवशीही मऊ असते. आईंच्या कवळीला भाकरीपेक्षा ही बरी.

पहिल्या रात्री दहीभात. पण दही कालवून न्यायचा नाही, सकाळपर्यंत आंबटढाण होतो. मऊ भात गार करून त्यात भरपूर दूध आणि चमचाभरच दही घालायचं, गाडीतच विरजतो. वर डाळिंबाचे दाणे. मधुमेह आहे तर भात थोडा. मग दुसऱ्या दिवशी दशम्या, सुकी बटाट्याची भाजी सकाळीच संपवायची, दुपारी चटणी. भाजीत ओला नारळ नको, कांदा नको. आणि काहीही पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. वाफ आत कोंडली की सकाळी डबा उघडल्यावर तार सुटलेली असते, मग दोष मात्र प्रवासाला.

खिडकीपाशी, कोथरूड

वॉर्डातली, रागावलात ते बरं केलंत, गोळीचं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. कडक भाकरी ती खाणार नाही, पण ताकाची युक्ती ऐकून "दे बघू एक" म्हणाली आहे. दशमीकाकू, दूध किती घ्यायचं? दोन वाट्या कणकेला?

दशमी, सदाशिव पेठ

वाटीभर कोमट दूध जवळ घेऊन बसा, मावेल तेवढंच घाला, पोळीपेक्षा कणीक घट्ट हवी. चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. गूळ घालतात, तुम्ही नका घालू. आणि आदल्या रात्री करू नका, निघायच्या दिवशी दुपारी करा. झेलम संध्याकाळचीच आहे ना.