केशवराव भोसले नाट्यगृह: होतं तसंच उभं राहावं का?

करवीरकर:
८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव यांची जयंती होती. पुनर्बांधणीबाबत माझं मत ठाम आहे. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर म्हणून जसं बांधून घेतलं, तसंच ते उभं राहावं. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नव्हता. कुठंही बसा, रंगमंच अख्खा दिसायचा. माइक नसलेल्या काळातलं हे बांधकाम. छताची उंची, भिंतींतलं अंतर बदललं की इथला आवाज गेला. आधुनिक संकुल शहरात दुसरीकडंही बांधता येईल.

नेपथ्यवाला:
अजिबात पटलं नाही. महाराज जुन्याला कवटाळून बसणारे होते का? १९०२ला युरोपात गेले, रोमचं कलोसियम पाहिलं आणि शेजारीच खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं. राज्य नाट्य स्पर्धेत एक नाटक उतरलं की दुसऱ्याचा टेम्पो दारात उभा असतो. फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या मोठ्या चौकटी, आत न्यायला रुंद दार, विंगेत मोकळी जागा, नवीन वायरिंग हे आधी ठरवा, मग कमानींचं बघू.

घुंगरू:
नाटकवाल्यांनो, जरा पायाखालीही बघा. सिमेंटवर थेट ठोकलेल्या प्लायवर तासभर तत्कार, म्हणजे कथकचं पदकाम, केला की टाचा आणि गुडघे भरून येतात, आणि घुंगरांचा नादही बसका येतो. फळ्यांखाली पोकळी ठेवून लाकडी चौकट हवी. कथक असो की बॅले, याला पर्याय नाही. दर्शनी भाग हवा तेवढा जुना ठेवा.

करवीरकर:
त्याला माझी हरकत नाहीच. व्हेनिसचं ला फेनिचे हे ऑपेरागृह १९९६च्या जानेवारीत जळालं. 'होतं तसं, होतं तिथं' हा हट्ट त्यांनी सोडला नाही. आगीपासून बचावाची व्यवस्था मात्र नवी केली. २००३च्या डिसेंबरात ते उघडलं. आज तिथं ऑपेरा होतात, बॅलेही होतात.

नेपथ्यवाला:
म्हणजे जवळजवळ आठ वर्षं! तेवढ्यात इथल्या हौशी संस्थांची एक पिढी नाटक सोडून नोकरीधंद्याला लागेल. केशवराव ३१व्या वर्षी गेले. त्याच वर्षी, १९२१च्या जुलैत, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' करून गेले. त्यांच्या नावाचं नाट्यगृह नक्षीकामासाठी अडून राहू नये. रंगमंच आणि प्रेक्षागृह आधी चालू करा, सजावट मागाहून येऊ दे.

घुंगरू:
आणि भाडं? ते हौशी संस्थांना झेपेल एवढंच राहील, हे आत्ताच लेखी ठरवून घ्या.