मॉरिशसला 'छोटा भारत' म्हणावं का? लेकीच्या प्रकल्पासाठी विचारतेय

ऐरोलीकरीण

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. भूगोलाच्या बाईंनी प्रत्येकाला एकेक देश वाटून दिलाय. नकाशा, इतिहास आणि राज्यकारभार, असं पंधरा मिनिटं वर्गासमोर बोलायचं. हिच्या वाट्याला मॉरिशस आला. तक्त्यावर तिने ठळक अक्षरांत 'छोटा भारत' लिहूनही टाकलंय, कारण जिथे बघावं तिथे तेच लिहिलेलं सापडतं.

सासूबाई म्हणतात, तिकडे आपली मराठी माणसंही आहेत, रत्नागिरीकडची. ती कधी आणि कशी गेली? आणि तिथल्या संसदेत हरलेल्या उमेदवारांनाही जागा मिळते असं तिने कुठेतरी वाचलंय. मला ते पटेना. सादरीकरण गुरुवारी आहे, कोणाला माहिती असेल तर सांगा.

नेरूळचा दर्यावर्दी

ताई, मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होतो, आता निवृत्त आहे. पोर्ट लुईला साखर भरायला तीनदा गेलोय. आधी एक विनंती करतो. तक्त्यावरचे ते दोन शब्द काढा. देश छोटा आहे, पण तो भारत नाही, आणि तो भारत का नाही हेच तिने सांगितलं तर पंधरा मिनिटं पुरणार नाहीत.

छोटा म्हणजे किती, ते तिला आपल्या मापाने सांगू दे. सगळी बेटं धरून २,०४० चौरस किलोमीटर. पालघर वेगळा झाल्यावर उरलेला आपला ठाणे जिल्हा याच्या दुपटीहून मोठा आहे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या नवी मुंबईपेक्षा थोडी जास्त. मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर, ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, भोवती प्रवाळाचं कडं. वारा आग्नेयेकडून येतो, म्हणून मधल्या पठारावर क्युरपीपला पाऊस पडत असतो आणि डोंगराच्या आडोशाला पश्चिमेकडचं पोर्ट लुई कोरडं, तापलेलं असतं. बंदरात इंजिनरूममधून वर आलो की ते ढग मला डेकवरून दिसायचे.

आता मुख्य गोष्ट. त्या बेटावर मूळचं कोणी नव्हतंच. डोडो पक्षी होता, माणूस नव्हता. १५९८ मध्ये डच उतरले, आपल्या मॉरित्स राजपुत्राचं नाव दिलं, पुढे जावाहून ऊस आणला आणि १७१० मध्ये बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. पोर्ट लुई उभारलं ते ला बूरदोने या त्यांच्या गव्हर्नरने, १७३५ नंतर. मजूर म्हणून मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, पण फ्रेंचांचे कायदे, भाषा, धर्म तसेच ठेवायचं कबूल केलं. म्हणून आजही तिथला दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा, संसद इंग्रजी वळणाची आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे.

१८३५ मध्ये गुलामी संपली. साठ हजारांहून जास्त माणसं मोकळी झाली. भरपाई मात्र मळेवाल्यांना मिळाली, गुलामांना काही नाही. ऊस तोडायला माणसं हवीच होती, ती हिंदुस्थानातून नेली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून पहिली तुकडी उतरली, पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या घरात माणसं गेली. बहुतेक कलकत्त्याहून, बिहारकडची. काही मद्रासहून. आणि काही मुंबईहून, त्यात आपली रत्नागिरी, सातारा भागातली. सासूबाई बरोबर सांगतात.

साखर भरत होती तेव्हा धक्क्यावरचा एक मुकादम मला म्हणाला, "मो मराठी." क्रिओल, म्हणजे तिथली बोली आहे ती, 'मी मराठी'. घरातही क्रिओलच बोलतो म्हणाला. मी मराठीत चार वाक्यं बोललो तर त्याला एक कळलं. मग त्याने गणपतीची आरती म्हणून दाखवली, सगळी, एक अक्षर न चुकता. अर्थ विचारला तर म्हणाला आजीने शिकवली. मी दुसरीकडे बघत राहिलो, डोळे भरले होते. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. झाकरी नाचतात, म्हणजे आपली कोकणातली जाखडी. शाळेत मराठी विषय घेता येतो.

पण त्याच बेटावर निम्म्याहून किंचित कमी लोक हिंदू आहेत. तिसरा हिस्सा ख्रिस्ती, त्यात गुलामांचे वंशज आले. सहावा हिस्सा मुसलमान. शिवाय चिनी, फ्रेंच. जागतिक वारशाच्या जागा दोन: पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे आपली माणसं उतरली, आणि ल मोर्नचा डोंगर, जिथे पळालेले गुलाम लपत. 'छोटा भारत' म्हटलं की ल मोर्न पुसला जातो. मला ते सहन होत नाही.

कळव्याचे मास्तर

हरलेल्यांच्या जागांचं मी सांगतो. शिक्षक असल्याने २०१७ च्या ठाणे महापालिकेला निवडणुकीच्या ड्यूटीवर होतो. एका प्रभागात चार नगरसेवक, चार मतं, हे मतदारांना समजावता समजावता घसा बसला होता. मॉरिशसमध्ये २० मतदारसंघ, प्रत्येकी तीन आमदार, आणि मतदाराने तीन मतं द्यायचीच. आपल्याकडे अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात. तिथे यादी एकच, पहिले तीन निवडून येतात. रॉड्रिग्ज बेटाचे आणखी दोन. एकूण ६२.

यावर आठपर्यंत जागा 'बेस्ट लूझर' म्हणून भरतात. उमेदवाराने अर्जात समाज लिहायचा: हिंदू, मुसलमान, चिनी किंवा 'जनरल पॉप्युलेशन', म्हणजे उरलेले सगळे. निकालात ज्या समाजाला संख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या, त्यातल्या सर्वांत जास्त मतं घेऊन हरलेल्याला आत घेतात. पहिल्या चार जागांना पक्ष बघत नाहीत. पुढच्या चारांत पक्षांचा तोल सांभाळतात. तिढा असा, की समाजांची संख्या अजून १९७२ च्या जनगणनेतलीच धरतात, कारण त्यानंतर समाज विचारणंच बंद झालं. २०१४ च्या निवडणुकीपुरती समाज न लिहिण्याची मुभा दिली होती.

हे आलं कुठून? १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाद्यांच्या विरोधातल्या पक्षाला ४४ टक्क्यांच्या आसपास मतं होती. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपलं काय होणार, ही भीती खरी होती. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगली झाल्या, १२ मार्चला स्वातंत्र्य. भीती घटनेतच बांधून ठेवली म्हणा. पद्धत जुनी झाली हे खरं, पण मोडून त्या जागी काय आणायचं यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही. मला विचाराल तर ती राहिली म्हणून देश शांत राहिला.

घोडबंदर रोड

मास्तर, मराठी माणूस त्या चार समाजांत कुठे बसतो?

कळव्याचे मास्तर

'हिंदू'मध्ये. तमिळ, तेलुगूही त्यातच. सणवार, मंडळं, शाळेतले तास सगळ्यांचे वेगळे, पण अर्जावर रकाना एकच.

बाकी मुलीने एवढं लिहिलं तरी पुरे: १९९२ पासून प्रजासत्ताक, राष्ट्रपती संसद निवडते, कारभार पंतप्रधानांकडे, मुदत पाच वर्षं. २०२४ मध्ये नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने ६२ पैकी ६० जागा घेतल्या. स्थायी सैन्य नाही, पोलीसच आहेत.

नेरूळचा दर्यावर्दी

नकाशात चागोस विसरू नका. स्वातंत्र्याआधी १९६५ मध्ये ब्रिटनने ती बेटं तोडून घेतली, त्यातल्या दिएगो गार्सियाला अमेरिकेचा तळ झाला आणि तिथल्या माणसांना हाकलून दिलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते बेकायदा असल्याचं मत दिलं. मे २०२५ मध्ये बेटं परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या, तळ मात्र ९९ वर्षांच्या भाड्यावर. पोर्ट लुईत चागोसची एक म्हातारी मला खोबरं विकायची. आमच्याकडचं याहून गोड असायचं, म्हणायची.

ऐरोलीकरीण

काका, मास्तर, मनापासून आभार. काल रात्री सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तक्ता उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर ती नव्याने काढतेय. मधोमध बेट, आणि चारी बाजूंनी येणारी जहाजं, प्रत्येकावर साल.

सासूबाईंनी विचारलंय, गेलेल्यांची नावं कुठे बघायला मिळतात का?

नेरूळचा दर्यावर्दी

मिळतात. मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे जुन्या नोंदी जपल्यात. उतरलेल्या प्रत्येकाला नंबर असायचा, पुढे पुढे फोटोही काढू लागले. आईंकडून गाव, बापाचं नाव आणि अंदाजे साल लिहून घ्या. आडनावावर शोधू नका, तिकडे कित्येकांच्या आजोबा-पणजोबांचं नावच पुढे आडनाव झालं.