कागद काढले नाहीत म्हणून मदत मिळाली नाही?

ताळेबंद: लॉकडाऊनमध्ये गरिबांना वाऱ्यावर सोडलं, हे पालुपद किती दिवस चालणार? एप्रिल २०२० पासून रेशनच्या लाभार्थ्यांना माणशी ५ किलो धान्य फुकट मिळालं. कार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांसाठीही मे-जूनमध्ये ५ किलो होतं. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी असलेल्यांच्या खात्यात २००० रुपये टाकले. ज्यांनी वेळेत कागदच काढले नाहीत, त्यांचं खापर सरकारवर कशाला?

नाक्यावरून: नोंदणी कशी होते ते आधी बघा. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदाराने द्यायचा. नाक्यावरचा बिगारी सोमवारी एकाकडे स्लॅबला, बुधवारी दुसऱ्याकडे प्लास्टरला. सही कोण करणार? सही केली की माणूस आपल्याकडे कामाला होता हे कबूल झालं. उद्या तो परांचीवरून पडला तर भरपाई गळ्यात. म्हणून मुकादम हात वर करतो. वर दरवर्षी नूतनीकरण. ते चुकलेलं असेल तर २००० रुपयेही नाहीत, कारण पैसे फक्त सक्रिय नोंदणीवाल्यांना होते.

ताळेबंद: दाखला ग्रामसेवक आणि महापालिकाही देते. अर्धीच माहिती देऊ नका.

नाक्यावरून: देते, मान्य. पण अर्जात कामाचं ठिकाण, मालक, दिवस भरायचे असतात. ज्याचे तीन महिन्यांत वीस मालक झाले त्याने काय लिहायचं? आणि बायकांचं काय? जोडीने मजुरी ठरते, हजेरीत नवऱ्याचं नाव, पैसे त्याच्या हातात. तिने वाळू चाळली, घमेली वाहिली, पण कागदावर ती कामावर नव्हतीच.

करदाता_४११: मुद्दा बोगस नोंदणीचा आहे! मंडळाकडून मिळणाऱ्या भांड्यांच्या संचासाठी दुकानदारसुद्धा एजंटकडून सह्या आणून कामगार झालेत. आमच्या कराच्या पैशावर.

नाक्यावरून: तुमचा कर त्यात नाही. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर बिल्डर भरतो, मंडळ त्यावर चालतं. बोगस आहेत, तेही खरं. पण एजंटला पैसे मोजणारा आत जातो आणि पडताळणी कडक केली की घमेलंवाली बाहेर फेकली जाते.

करदाता_४११: मग चोरांना मोकळं सोडायचं का? संताप आमचाही आहे.

रेशनवाली: दोघेही धाग्याच्या विषयावर या. शहरात केशरी कार्डावर प्राधान्य यादीत, म्हणजे ज्यांना हे धान्य मिळतं त्यांच्या यादीत, यायला वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत हवं. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा असतो. मार्चमध्ये नोकरी गेली तरी दाखल्यावर जुना पगारच दिसतो. त्यातून राज्याच्या शहरी भागाचा कोटा लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के, तोही २०११ च्या जनगणनेवर. कोटा भरला की पात्र माणसालाही थांबावं लागतं. याला आळस म्हणणार?

ताळेबंद: दाखल्याचा मुद्दा पटतो. पण 'एक देश एक रेशन कार्ड' आहे ना आता? कुठूनही धान्य उचला.

रेशनवाली: उचला, पण कार्ड कुटुंबाचं असतं. गावच्या दुकानात घरच्यांनी महिन्याचं सगळं धान्य उचललं की शहरातल्या दुकानात अंगठा घेणाऱ्या पॉस मशीनवर शिल्लक शून्य. आधी गावी फोन करून ठरवावं लागतं, 'माझ्या वाटचे ५ किलो ठेवा'. थोडं इथे, थोडं तिथे उचलता येतं, हे किती दुकानदार सांगतात? शिवाय सिमेंट-चुन्याने झिजलेला अंगठा मशीन घेत नाही. तेव्हा दुसरं बोट, दुसऱ्या सदस्याचा अंगठा किंवा आधारच्या मोबाइलवर ओटीपी. तो नंबर बंद पडलेला असेल तर रिकामी पिशवी घेऊन परत.

ताळेबंद: ओटीपीचं मान्य. दोन हजारांचं नाही. नूतनीकरण वेळेवर करायलाच हवं होतं.

नाक्यावरून: आणि दाखल्यावर सही कोणाची?