मदत हवी आहे: एकाच डब्यातलं फिश ऑइल, दादाला लागू पडलं, मला का नाही?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघे भाऊ सोलापुरातल्या 'जुळे सोलापूर' भागात एकत्र राहतो. वडील ५४व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, तेव्हापासून रक्ताचा रिपोर्ट आला की घर गप्प होतं. मार्चमध्ये दादाचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) ३१२ आले, माझे २६८. डॉक्टरांना विचारून दोघांनी एकाच डब्यातल्या कॅप्सूल सुरू केल्या. जेवण एकच, ज्वारीची कडक भाकरी आणि भाजी. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, बारा तास उपाशी राहून तपासलं. दादा २०५, मी २८१.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मधे चुकवल्या असतील." एकही नाही. कॅलेंडरवर रोजची खूण आहे. माझी शुगर, थायरॉइड नॉर्मल, दारू नाही. तेरा आकडे इकडेतिकडे होतात हे समजतं, पण कमी का झालं नाही?

शोधताना २०२१चा एक अभ्यास सापडला. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य आणि जनुकीय माहितीच्या संग्रहातल्या सुमारे ७०,००० लोकांची माहिती तपासली होती. जीजेबी२ नावाच्या जनुकाच्या एका जागी ज्यांची डीएनए-अक्षरांची जोडी 'एजी', त्यांचे ट्रायग्लिसराइड फिश ऑइलने उतरले. 'एए'वाल्यांचे किंचित वाढले. सख्ख्या भावांतही ही जोडी वेगळी असू शकते. पण ती माणसं बहुतेक युरोपीय वंशाची. आपल्याला हे कितपत लागू पडतं?

आईचं म्हणणं, कॅप्सूल सोड, जवसाची चटणी खा. तव्यावर जवस तडतडायला लागले की ती मला हाक मारते. जवसातल्या ओमेगा-३पासून शरीराला ईपीए, डीएचए (फिश ऑइलमध्ये तयार मिळणारे ओमेगा-३चे प्रकार) बनवावं लागतं आणि त्यात एफएडीएस नावाच्या जनुकांचा हात असतो. २०१६च्या एका अभ्यासात या जनुकांचं काम वाढवणारा एक बदल आई आणि वडील दोघांकडून आलेले पुण्यातल्या शाकाहारी लोकांत ६८ टक्के होते, अमेरिकेतल्या लोकांत १८ टक्के. मात्र करडई तेलातलं ओमेगा-६ही या जनुकांपासून बनणाऱ्या त्याच एन्झाइमांवर चालतं, आणि आमच्या घरात करडईशिवाय फोडणी नाही. मग चटणीचा फायदा तिथेच अडतो का?

कुणी अशी जनुकीय तपासणी केली आहे का? रिपोर्टमध्ये जीजेबी२ची ती जागा असते का, आणि तो बघून डॉक्टरांनी काही बदललं का? आमच्या डॉक्टरांनी गर्दीत "चालू ठेवा, पुढच्या वेळी बघू" एवढंच सांगितलं. पुढची तपासणी दोन आठवड्यांवर आहे. त्यांना नेमकं काय विचारू, तेवढं तरी सांगा.